रहीमची पोथी आणि आत्याची हिडिंबा

मी जळगावचा. पुण्यात हापिसात कुणी गाव विचारलं आणि हे उत्तर दिलं, की पुढचं वाक्य ठरलेलं : "वा, म्हणजे केळी आणि भरीत!" तर नाही. ते खानदेशातलं जळगाव. आमचं जळगाव जामोद, जिल्हा बुलढाणा, वऱ्हाड. जामोद हे शेजारचं गाव, आणि त्याचं नाव आमच्या मागे चिकटलंय ते असा घोळ होऊ नये म्हणूनच. घोळ होतो तो होतोच. (भरीत आम्हीही खातो, ते सोडा.)

आमच्याकडे रेल्वेने यायचं तर नांदुऱ्याला उतरायचं, पूर्णा ओलांडायची, आणि मग समोर सातपुड्याची निळी रेघ दिसायला लागते. त्या रेघेच्या पलीकडे तापीकाठी बऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर आमच्या गावापासून पन्नास किलोमीटरसुद्धा नाही. आमच्याकडे बऱ्हाणपूरचं नाव निघतं ते मुख्यतः मावा जिलबीसाठी. या वीकांताला मात्र लिहायचंय ते तिथे राहून गेलेल्या एका फॅनबद्दल.

झालं असं, की जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्याशी वाद झाला. आमच्या टीममधली एक मुलगी हॅरी पॉटरची चित्रं काढते. पेन्सिलीने, वहीत, अगदी मन लावून. मग तिच्यासारखेच चार-पाच पॉटरवेडे ती वही फिरवत बसतात, "स्नेप असा नसतो गं" वगैरे भांडतात. सहकारी म्हणाला, हे फॅन आर्ट प्रकरण म्हणजे जपान-अमेरिकेतून आलेलं खूळ, आपल्याकडे असलं काही नव्हतं. (आपल्या मराठीत फॅनला पंखा म्हणायची पद्धत आहे, त्या हिशोबाने ही 'पंखाचित्रं' :-)) मला ते पटलं नाही. आवडत्या पुस्तकाची चित्रं काढायची, ती तितक्याच वेड्या माणसांना दाखवायची, आणि मग 'असा नसतो तो' यावरून भांडायचं, हे आपल्याकडे निदान सव्वाचारशे वर्षं चाललंय. आणि त्यातला एक मोठा अध्याय सातपुड्याच्या पलीकडच्या त्या गावाशी जोडलेला आहे.

सुरुवात अकबरापासून करावी लागेल. १५८२ च्या सुमारास अकबराने महाभारताचं फारसी भाषांतर करायचा हुकूम सोडला. पद्धत मोठी मजेशीर होती. भाषांतर करणाऱ्या मुल्लांना संस्कृत येत नव्हतं, आणि संस्कृत जाणणाऱ्या पंडितांना तितकं फारसी. मग पंडितांनी पोथी वाचून अर्थ हिंदीत सांगायचा आणि नकीब खानासारख्यांनी तो फारसीत उतरवायचा. सगळा दोन टप्प्यांचा कारभार. नकीब खानाने शेवटी त्या पंडितांची नावंही नोंदवून ठेवली आहेत, देव मिश्र, मधुसूदन मिश्र, चतुर्भुज अशी. चारशे वर्षांपूर्वीचं हे श्रेयनामावलीचं सौजन्य आमच्या क्षेत्रात आजही दुर्मिळ आहे. भाषांतराचं नाव ठेवलं 'रज्मनामा', म्हणजे युद्धाचं पुस्तक.

या टीममध्ये एक बदायूनी नावाचा कट्टर गृहस्थ होता. त्याला हे काम मुळीच आवडलं नव्हतं, आणि ते त्याने आपल्या इतिहासग्रंथात भरपूर कुरकुर करून लिहून ठेवलंय. नको असलेल्या प्रोजेक्टवर टाकलेला माणूस कुठल्याही शतकात सारखाच बोलतो. गंमत पुढे आहे. महाभारत झाल्यावर १५८४ मध्ये रामायणाचं काम त्याच्याच गळ्यात पडलं आणि त्यात त्याची चार वर्षं गेली.

भाषांतरं झाली की ती अकबराच्या चित्रशाळेत जात. रज्मनाम्याच्या शाही प्रतीत दीडशेहून जास्त मोठी चित्रं आहेत, आणि रामायणाच्या प्रतीत सुमारे पावणेदोनशे. दोन्ही प्रती पुढे जयपूरच्या राजघराण्याकडे गेल्या. रज्मनाम्याची चित्रं काढणाऱ्यांत दसवंत नावाचा एक चित्रकार होता. अबुल फज्लने आइन-ए-अकबरीत त्याच्याबद्दल चार ओळी लिहिल्या आहेत, आणि त्या वाचून मला नेहमी गलबलतं. हा पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा. चित्रं काढायचं इतकं वेड, की भिंतींवरही आकृत्या रेखाटत फिरायचा. एकदा अकबराच्या नजरेस पडल्या. त्याने पोराला ख्वाजा अब्दुस्समद या उस्तादाच्या हाती दिलं. थोड्याच काळात तो सगळ्यांच्या पुढे गेला, मग त्याच्या डोक्यावर परिणाम झाला आणि १५८४ मध्ये त्याने स्वतःचा जीव घेतला. त्याच्या हातची जी चित्रं आज उरली आहेत त्यातली बहुतेक रज्मनाम्यातली. भिंत खराब केली म्हणून आपल्याकडे अशा पोराला रट्टे बसतात.

आता इथवरचं ऐकून तुम्ही म्हणाल, की बाबा रे, हे बादशाही काम झालं. पगारी चित्रकार, सरकारी हुकूम. यात फॅन कुठे आला?

तर तो इथे येतो. बदायूनी सांगतो, की महाभारताचं भाषांतर पुरं झाल्यावर अकबराने अमीर-उमरावांना आपापल्या प्रती करून घ्यायला सांगितलं. यात राजकारण होतं, नाही असं नाही. आपल्या मुसलमान सरदारांनी आपल्या हिंदू प्रजेचे ग्रंथ वाचावेत असा त्यामागे हिशोब होता. पण हुकूम पाळण्यापुरतं करणारे वेगळे आणि खरोखर नादी लागणारे वेगळे. नादी लागलेली दोन माणसं तर आपल्याला नावानिशी माहीत आहेत.

पहिली खुद्द अकबराची आई, हमीदा बानू बेगम. तिने रामायणाची स्वतःची वेगळी प्रत बाळगली होती. १५९४ ची ही प्रत, त्यात ५६ चित्रं. १६०४ मध्ये बेगम वारली, मग ती शाही ग्रंथसंग्रहात गेली. आज ती कतारमध्ये दोहाच्या संग्रहालयात आहे. या बाईचा इतिहास आठवून बघा. लग्नाआधीच नवऱ्याचं राज्य गेलेलं, हुमायूनबरोबर सिंधच्या वाळवंटातून वणवण, पोटात मूल, आणि १५४२ मध्ये उमरकोटला परक्याच्या आश्रयाने झालेलं बाळंतपण. ते बाळ म्हणजे अकबर. नवऱ्याबरोबर वनवास भोगलेली ही राणी म्हातारपणी सीतेच्या गोष्टीची चित्रं बघत बसत असेल, तर तिला त्यात काय दिसत असेल हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

दुसरा अब्दुर्रहीम खानखानान. हो, आपल्या शाळेच्या हिंदीच्या पुस्तकातला दोहेवाला रहीम. बैरामखानाचा मुलगा. बाप मारला गेला तेव्हा हा चार-पाच वर्षांचा, पुढे अकबराच्या दरबारातच वाढला. फारसी, तुर्की, हिंदी, संस्कृत सगळं येणारा. बाबराच्या आत्मचरित्राचं तुर्कीतून फारसी भाषांतर त्याचंच, १५८९ चं. शिवाय सेनापती. १५९० च्या दशकात त्याला दख्खनेवर पाठवलं, तेव्हापासून आयुष्याची बरीच वर्षं त्याची आपल्याच मुलखात गेली. १५९७ मध्ये गोदावरीकाठी अहमदनगर, विजापूर आणि गोवळकोंडा या तिघांच्या एकत्र फौजेशी लढला. १६०१ मध्ये असीरगड पडला, खानदेश मोगलांकडे आला, आणि बऱ्हाणपूर हे मोगलांचं दख्खनेतलं मुख्य ठाणं झालं. रहीमचं बस्तान तिथे. आमचा सातपुड्याखालचा पट्टा तेव्हा वऱ्हाड सुभ्यातल्या नरनाळा सरकारात मोडत होता, म्हणजे आमच्या पूर्वजांनी भरलेल्या साऱ्याचा हिशोब अखेर याच माणसाच्या दप्तरी जात असणार.

या रहीमने अकबराची सचित्र रामायणाची प्रत पाहिली. आणि त्याचं ते झालं जे तुमचं-माझं एखादं पुस्तक मित्राकडे पाहिल्यावर होतं : हे मला पाहिजे. पण मागून नेता येईल अशी ती वस्तू नव्हती. मग त्याने बादशहाची परवानगी काढली आणि आपल्या पदरच्या चित्रकारांकडून स्वतःची प्रत तयार करून घेतली. प्रत पुरी झाल्यावर कोऱ्या पानावर हे सगळं स्वतःच्या हाताने लिहूनही ठेवलं. तो मजकूर मला त्या चित्रांइतकाच आवडतो. पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव, तारीख आणि 'हे कसं मिळालं' लिहून ठेवणारी माणसं तुमच्याही ओळखीची असतील.

ही प्रत आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. फ्रीअरने ती १९०७ मध्ये घेतली. अभ्यासक तिचा काळ १५९७ ते १६०५ धरतात, म्हणजे रहीम दख्खनेत लढत होता त्याच वर्षांतलं हे काम. १३० चित्रं शिल्लक आहेत. जॉन सायलर या अभ्यासकाने रहीमच्या चित्रशाळेवर एक आख्खं पुस्तक लिहिलंय, ते १९९९ मध्ये आलं. खरं सांगायचं तर ही चित्रं अकबराच्या प्रतीइतकी सफाईदार नाहीत. रहीमकडे माणसं थोडी होती, बादशहासारखी फौज नव्हती. मुश्फिक, कमाल, नदीम, श्यामसुंदर अशी त्यांची नावं. मला तर ही कमी सफाई जास्त जवळची वाटते. कामाच्या तोफा चालू असताना, रजा न काढता, स्वतःच्या खिशातून, वर्षानुवर्षं कुणीतरी एका पुस्तकाची चित्रं करवून घेतंय! आणि एवढ्यावर भागलं नाही. पुढे १६१६-१७ च्या सुमारास त्याने रज्मनाम्याचीही प्रत करवली. तेव्हा तो साठीला टेकला होता आणि मलिक अंबर त्याच्या सुभ्याला धडका देत होता.

आता चित्रांत काय आहे ते बघू, कारण खरी मेख तिथे आहे. या मोगल रामायणांतली अयोध्या फत्तेपूर सिक्रीसारखी दिसते. लाल दगड, छत्र्या, गच्च्या. राम-लक्ष्मण पितांबर-मुकुटात असले तरी भोवतालचे दरबारी जामे घालून, कमरेला पटका बांधून उभे असतात. राक्षस फारसी गोष्टींतल्या 'देवां'सारखे (फारसीत देव म्हणजे राक्षस, हाही एक विनोदच) : शिंगं, अंगावर ठिपके, गळ्यात घंटा. म्हणजे चित्रकाराने गोष्ट वाल्मीकीची घेतली आणि कपडे शेजाऱ्यांचे घातले.

हे फक्त मोगलांनीच केलं असं नाही. आपल्याकडे चित्रकथी नावाची मंडळी होती. चित्रं दाखवत गोष्ट सांगणारे लोक बाराव्या शतकातही होते, चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त त्यांचा उल्लेख येतो. पैठणची चित्रं म्हणून जी ओळखली जातात त्यांतली पुष्कळशी पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आहेत. हापिसातून जेमतेम अर्ध्या तासावर असूनही तिथे न गेलेले पुणेकर मला किमान वीस माहीत आहेत, असो. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने ही कला आजवर टिकवलीय. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

चित्रकथींची पद्धत अशी : कागदावर एकेक प्रसंग रंगवायचा, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची, आणि अशा कागदांची एका आख्यानाची चळत म्हणजे एक 'पोथी'. रात्री दिव्याच्या उजेडात एकजण चित्र धरून गातो, बाकीचे साथ करतात, प्रसंग संपला की कागद उलटायचा. यांचा आधार संस्कृत मूळ ग्रंथ नव्हे, मराठी पोथ्या आणि तोंडी चालत आलेली आख्यानं. त्यामुळे अहिरावण-महिरावणासारखी वाल्मीकीला ठाऊक नसलेली मंडळीही आपल्याकडच्या गोष्टींत आरामात वावरतात. आणि पोशाख? योद्ध्यांच्या डोक्यावर पगड्या, बायकांना लुगडी. लंकेतले लोक कोकणातल्या बाजारात भेटावेत असे.

आपण म्हणतो की किती छान, प्रत्येकाने गोष्ट आपलीशी केली. मीही बरीच वर्षं असंच म्हणायचो. पण यात एक काटा आहे, आणि तो मला माझ्या आत्यामुळे कळला.

आमच्या घरी चातुर्मासात दुपारी पोथी असायची. कधी श्रीधराचा 'हरिविजय', कधी 'पांडवप्रताप'. श्रीधराने या पोथ्या अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिल्या, आणि वऱ्हाडातल्या माजघरांत त्या विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ठणठणीत चालू होत्या. आजोबा वाचायचे, गल्लीतल्या बायका वाती वळत ऐकायच्या. आत्याचं शिक्षण सातवीपर्यंत, पण हात देवाने दिलेला. ती जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर त्या दिवशीच्या अध्यायाचं चित्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी पोथी सुरू व्हायच्या आधी ते बायकांत फिरायचं. मग टीका-टिप्पणी. "भीम अजून जाड पाहिजे होता वं." "कुंतीले कुंकू काऊन लावलं? विधवा नाई का ते?" पॉटरच्या वहीवरून होणारी भांडणं ऐकताना मला तीच ओसरी आठवते.

एका वर्षी हिडिंबेचा अध्याय आला. आत्याने चित्र काढलं. भीम आमच्याकडच्या शेतकऱ्यासारखा, धोतर-फेट्यात. हिडिंबेला मात्र तिने बाजाराच्या दिवशी डोंगरातून मोळ्या आणि डिंक घेऊन येणाऱ्या बायकांचे कपडे घातले. तसंच वर खोचलेलं लुगडं, तशाच चांदीच्या जाड वाळ्या, तसंच गोंदण. वाईट हेतू काहीच नव्हता, राक्षसीण म्हणजे रानातली, आणि रानातल्या बायका तिने त्याच पाहिलेल्या. त्या दिवशी तशीच एक कोरकू बाई डिंकाचे पैसे घ्यायला ओसरीवर टेकली होती. चित्र फिरत तिच्याही हातात गेलं. तिने ते बराच वेळ पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "हे त आमच्यातलीच दिसते बाई." हसून म्हणाली. कुणीच काही बोललं नाही. आजोबांनी पोथी उघडली.

दुसऱ्या दिवशी आत्याने हिडिंबा पुन्हा काढली. या वेळी नऊवारी, नाकात नथ, अंबाडा. डिट्टो आत्या. बायका म्हणाल्या, हे काय, ही तर तूच. आत्या म्हणाली, "मंग काय झालं? भीमाले आवडली ना ते?"

मला तेव्हा फक्त गंमत वाटली होती. आता फ्रीअरमधल्या रामायणाची चित्रं पडद्यावर मोठी करून बघताना मी आधी नायकाचे नाही, राक्षसांचे कपडे बघतो. आपल्या माणसांना आपण आपले कपडे घालतो हे ठीक. राक्षसांना कुणाचे घातलेत, यावरून चित्रकाराच्या वेशीबाहेर कोण राहत होतं ते समजतं.

मग असं वाटतं, की यावर उपाय काय? कुणाचेच आजचे कपडे नकोत, त्या काळी जे असतील तेच घाला. खरोखर असा हट्ट धरणारा एक माणूस महाराष्ट्रात होऊन गेला, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. (पुन्हा नावाचा घोळ. हे ट्रॅफिकवालं पुण्याचं औंध नव्हे, सातारा जिल्ह्यातलं.) १८६८ चा जन्म, डेक्कन कॉलेजचे बी.ए., १९०९ मध्ये गादीवर आले. सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून त्यांची ओळख आहे, आणि गांधीजींच्या सल्ल्याने आपल्या रयतेला १९३९ मध्ये स्वराज्याची घटना देणारे संस्थानिक म्हणूनही. पण त्याआधी आणि त्यानंतर हा माणूस हाडाचा चित्रकार होता आणि कीर्तनकारही. राजा स्वतः कीर्तनाला उभा राहतो, स्वतः ब्रश धरतो! रामायणाची चित्रं स्वतः काढून त्यांनी १९१६ मध्ये 'चित्र रामायण' छापून काढलं. रहीमला चित्रकार पदरी ठेवावे लागले, यांनी ती पायरीच गाळली.

मग त्यांच्या मनाने महाभारत घेतलं. १९१७ मध्ये पुण्यात भांडारकर संस्था स्थापन झाली होती. १९१८ मध्ये तिच्या सभासदांच्या पहिल्या सर्वसाधारण सभेत बाळासाहेबांनी सूचना मांडली, की संस्थेने महाभारताची सचित्र आवृत्ती काढावी, मी लाख रुपये देतो. १९१८ चे लाख रुपये, आणि तेही एका लहानशा संस्थानाचे. लक्षात घ्या, मूळ मागणी चित्रांच्या पुस्तकाची होती. विद्वान म्हणाले, चित्रं काढायची तर आधी मजकूर कुठला खरा ते ठरवायला हवं. १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते कामाचा श्रीगणेशा झाला, १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले आणि काम जे वाढत गेलं ते १९६६ पर्यंत. १,२५९ हस्तलिखितं तपासली. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच कोडच्या बाराशे एकोणसाठ शाखा, मूळ प्रत कायमची हरवलेली, आणि प्रत्येक ओळीला संघर्ष. १९४३ मध्ये सुखटणकर गेले, १९५१ मध्ये बाळासाहेब गेले, दोघांनीही पुरं झालेलं पाहिलं नाही. पण आदिपर्वाचा खंड १९३३ मध्ये पुरा झाला, आणि त्याच्या शीर्षकपानावर संपादकाच्या नावाबरोबर औंधच्या राजाचं नाव आहे : चित्रं त्यांची, 'प्राचीन नमुन्यांवरून' काढलेली.

हे 'प्राचीन नमुन्यांवरून' फार महत्त्वाचं. त्या काळी घराघरांत रविवर्म्याच्या छापील तसबिरी होत्या, त्यात दमयंती आणि द्रौपदी पदर घेतलेल्या आजच्या साडीत. बाळासाहेबांना रविवर्मा आवडत होता, त्याची 'सैरंध्री' औंधच्या संग्रहात आहे. पण महाभारताच्या शास्त्रीय आवृत्तीत त्यांना तसं चालणार नव्हतं. वस्त्रं, दागिने, केशरचना यांना जुन्या शिल्प-चित्रांचा आधार हवा. अशा आधारांत सगळ्यात श्रीमंत ठिकाण म्हणजे अजिंठा, आणि १९३२ मध्ये त्यांनी अजिंठ्यावर स्वतंत्र पुस्तकही लिहिलं.

मला बाळासाहेबांबद्दल मनापासून आदर आहे, पण इथे माझी गाडी अडते. अजिंठ्याची ती प्रसिद्ध चित्रं मुख्यतः पाचव्या शतकातली. सोळा क्रमांकाचं लेणं वाकाटक राजा हरिषेणाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने करवलं. या वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आमच्या शेजारचं वाशीम. आता बघा, त्या चित्रकारांपुढे जातककथा होत्या, म्हणजे त्यांच्या लेखी फार जुन्या काळच्या गोष्टी. आणि त्यांनी त्यातल्या राजाराण्यांना कुठले कपडे घातले? स्वतःच्या काळातल्या दरबाराचे. थोडक्यात, औंधच्या राजाने 'अस्सल' म्हणून जो नमुना समोर ठेवला, तोसुद्धा वाशीमच्या राज्यातल्या कुणीतरी आवडत्या गोष्टीला आपले कपडे घालून काढलेला. पंखाचित्राखाली अजून एक पंखाचित्र, एवढंच. नुसतं जुनं असल्याने ते निष्पक्ष होत नाही.

आणि याच खटाटोपातली सगळ्यात मोठी गंमत. आपल्याला महाभारत म्हटलं की पहिलं चित्र कुठलं आठवतं? व्यास सांगतायत आणि गणपती लिहितोय. पोथ्यांच्या पहिल्या पानावर हेच. सुखटणकरांनी हस्तलिखितं लावून बघितली, तर हा प्रसंग मागाहून घुसलेला निघाला. त्यांनी तो मुख्य संहितेतून काढून परिशिष्टात टाकला. पुढे १९४४ मध्ये एजर्टन या अमेरिकन संपादकाने सभापर्व पुरं केलं, त्यात द्रौपदी कृष्णाचा धावा करते आणि तो वस्त्रं पुरवतो हा भागही मूळ संहितेत ठरला नाही. वस्त्रं येत राहतात, कोण पुरवतं ते संहिता सांगत नाही. म्हणजे चित्रांच्या हौसेतून जन्मलेल्या आवृत्तीने चित्रकारांचे दोन सगळ्यात लाडके प्रसंगच बाहेर ठेवले. विद्वत्ता म्हणून त्यांचं काम मला शंभर टक्के मान्य आहे. पण गणपतीबाप्पाला लिहिताना काढायचं कुणी थांबवलंय? दर भाद्रपदात एखाद्या तरी मंडळाच्या देखाव्यात तो मोडलेल्या दाताने लिहीत बसलेला असतो.

कधी सवड काढून एखाद्या मोठ्या ग्रंथालयात आदिपर्वाचा तो खंड मागा. जड आहे, टेबलावर ठेवूनच उघडा. आधी शीर्षकपान, मग चित्रं शांतपणे बघा, कुणाला काय नेसवलंय ते. आणि मग मागे जाऊन परिशिष्टातली पहिलीच नोंद काढा. बाप्पा तिथे आहे.